सात झाल्या, पाच राहिल्या

पेपरच्या पाचव्या पानाला खिडकी पडली होती. चार बोटं रुंद, वीतभर उंच, कडा अगदी सरळ. त्या खिडकीतून सातव्या पानावरच्या एका क्रिकेटपटूचा गुडघा दिसत होता.

"आई, हे काय?"

"कूपन होतं."

"कसलं?"

"साबणाचं."

माझा रिपोर्ट आल्यावर आई निपाणीहून बेंगळुरूला आमच्या सर्जापूर रोडच्या फ्लॅटवर राहायला आली, त्याच आठवड्यातली ही गोष्ट. दुसऱ्या दिवशी पेपरला दोन खिडक्या होत्या. इतका साबण आमच्या घरात लागत नाही. चौथ्या दिवशी मला उलगडा झाला. आई माझ्याआधी उठायची, पेपर वाचायची, आणि ज्या ज्या बातमीत कॅन्सर हा शब्द असेल ती बातमी कापून मगच पेपर माझ्या हातात द्यायची. मराठी आणि कन्नड तिला दोन्ही येतं. इंग्रजी पेपरात ती फक्त तेवढी सहा अक्षरं शोधायची. त्यामुळे राशिभविष्यातून कर्क रास रोज गायब होत होती.

मी चिडले नाही. मला पहिला प्रश्न पडला तो असा की कापलेले तुकडे जातात कुठे? कारण आमच्या घरात छापलेला कागद केरात टाकत नाहीत.

*

याचं कारण अण्णा, म्हणजे माझे वडील. निपाणीत विडी वळणाऱ्या बायकांच्या संघटनेची पत्रकं त्यांनी आयुष्यभर लिहिली. मी शब्दशः पत्रकांवर वाढले. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले, गणितं सोडवली. पत्रक कसं लिहायचं हे मला निबंधाच्या आधी आलं. अण्णांचा नियम एकच होता: पत्रकाने तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. काय झालं? कोणी केलं? उद्या कुठे जमायचं? यातलं एक जरी राहिलं, तर तो कागद भेळ बांधायला द्यावा.

मी सत्तावीस वर्षांची आहे. एका कंपनीसाठी मजकूर लिहिते आणि उरलेल्या वेळात भांडते. घरांच्या लेआउटसाठी बुजवलेल्या तळ्यावरून, सफाई कामगारांच्या हातमोज्यांवरून. शब्द ही धारदार वस्तू आहे आणि ती आपल्या बाजूने वापरायची असते, असं मी मानत आले होते. तिच्या उलट्या टोकाला कधी मी स्वतः असेन, हे ध्यानीमनी नव्हतं.

गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या वर एक गाठ होती. दुखत नव्हती म्हणून दोन महिने मी तिला ओळखच दिली नाही. तपासणी झाली, रिपोर्ट आला. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "हा लिम्फोमा आहे. एक प्रकारचा कॅन्सर. पण उपचारांना चांगली दाद देणारा. पंधरा दिवसांनी एक, अशा बारा सुया घ्याव्या लागतील."

मला त्यातली फक्त पहिली दोन वाक्यं ऐकू आली. बाकीचं मला माझ्या मैत्रिणीने नंतर तीनदा सांगितलं. परतताना टॅक्सीत मी फोनवर बातम्या शोधत बसले. पुस्तकं नाहीत, रुग्णालयांची पानं नाहीत, बातम्याच. घरापर्यंत पोचेतो मी मेले होते, चमत्काराने वाचले होते, आणि माझ्यावर उंदरांमध्ये एक औषध यशस्वी झालं होतं.

*

आईने कापलेले तुकडे मला लाडवांच्या रिकाम्या डब्यात सापडले. थर्मामीटर शोधत होते. नीट घड्या घालून, तारखेप्रमाणे.

"लपवायचे तर तारखेप्रमाणे कशाला?" मी विचारलं.

"सवय," आई म्हणाली आणि रडायला लागली. "तू वाचशील आणि धीर सोडशील म्हणून गं. मीच रोज वाचते आणि सोडते."

घरात दोन कात्र्या होत्या, हे मला त्या दिवशी कळलं. अण्णा ठेवण्यासाठी कापायचे, आई लपवण्यासाठी कापत होती. आम्ही तह केला: तिने कापायचं, पण तुकडे मला द्यायचे. मी फाइल केली आणि अण्णांचे तीन प्रश्न घेऊन बसले. उलट्या होत नसलेल्या दिवसांत मला हा उद्योग फार आवडू लागला.

काय झालं, हे प्रत्येक बातमीत होतं. कुणाला तरी झाला, कुणीतरी गेलं, कुठेतरी शोध लागला. सिनेमातला माणूस असला की तो झुंज द्यायचा, आणि गेला की त्याची झुंज अपयशी ठरायची, जणू सराव कमी पडला. साधी माणसं बातमीत यायची ती आकडा म्हणून. फोटो ठरलेला: डोक्याला रुमाल बांधलेली बाई पाठमोरी, खिडकीतून बाहेर बघतेय. आमच्या केमोच्या वॉर्डला खिडकीच नव्हती.

कोणी केलं, इथे मात्र मजा होती. उत्तर जवळजवळ नेहमी एकच: तूच. तू तळलेलं खाल्लंस, तू बसून राहिलीस, तू उशिरा लग्न केलंस, तू घट्ट कपडे घातलेस, तू वेळेवर दाखवलं नाहीस. शेतात फवारतात त्याबद्दल, कारखान्यातल्या धुळीबद्दल, गावापासून दिवसभराच्या प्रवासावर असलेल्या दवाखान्याबद्दल फार क्वचित ओळ यायची. एक कात्रण उलटून पाहिलं तर पाठीमागे पानमसाल्याची रंगीत जाहिरात होती. ती पाठ मी फाइलीत वर ठेवली.

आणि उद्या कुठे जमायचं? म्हणजे कुठल्या खिडकीवर जायचं, काय कागद न्यायचे, कुणाला विचारायचं? ते कोरं. त्या डब्यातल्या एकाही तुकड्यात नाही.

*

वॉर्डात मंगळवारी मला शेजार मिळाला तो रत्नाक्कांचा. चिकपेटमधल्या जुन्या मराठी घरातली बाई. पाच पिढ्या बेंगळुरूत, मराठी बोलते पण वाचते कन्नड. रेशमी साड्यांच्या पदराला कुच्चू बांधायचं, म्हणजे गोंडे गुंफायचं काम. छातीच्या कॅन्सरसाठी तिलाही बारा सुया होत्या, पण दर आठवड्याला. म्हणजे माझ्या प्रत्येक मंगळवारी ती दोन सुयांनी पुढे गेलेली असायची.

"काय पुट्टी, अजून चारवरच?" ती सलाईनच्या नळीला हात लावून म्हणायची; पुट्टी म्हणजे कन्नडमध्ये छोटी. "माझ्या पाच झाल्या. स्वल्प जोर लाव."

"अक्का, ही शर्यत नाही."

"हरणारे असंच म्हणतात."

औषधाने तिच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. रेशमाचा धागा चिमटीत आहे की नाही हे तिला बघूनच कळायचं. ती त्याबद्दल तक्रार करायची नाही, फक्त हात उलटासुलटा करून बघायची, जणू दुसऱ्याचा आहे. एकदा मी फाइल दाखवली तेव्हा ती म्हणाली, "हे मी वाचलंय. घट्ट चोळी घातली की होतं. मी सदा घट्टच शिवून घेतली. म्हणून झालं."

"अक्का, त्याला काही आधार नाही."

"छापलंय की."

मी हसले. तेव्हा मला ते हसण्यासारखं वाटलं.

*

आता माझी चूक.

एका कन्नड दैनिकाची वार्ताहर वॉर्डात आली. माझ्याच वयाची. पुरवणीसाठी तिला कुणाशी तरी बोलायचं होतं आणि तिची नजर माझ्यावर होती: तरुण, इंग्रजी बोलणारी, टक्कल असूनही फोटोत चालेल अशी. मला तत्त्व आठवलं. नेहमी आमच्यासारख्यांचीच गोष्ट का? मी म्हटलं, "माझं नको. कष्टकरी बाईचं लिहा. या रत्नाक्का. नाव लिहा, काम लिहा, कुच्चू म्हणजे काय ते लिहा." अक्का सुई लागलेल्या हाताने पदर सारखा करून बसली. फोटो निघाला. तिला हे हवंय का, हे मी विचारलं नाही. आमच्या पत्रकांत बाईचं नाव पूर्ण छापायचं हा सन्मान होता. मी सन्मान करत होते.

पंधरा दिवसांनी माझ्या मंगळवारी शेजारची खुर्ची रिकामी होती. सिस्टर म्हणाल्या, "मागच्या आठवड्यातही आल्या नाहीत. फोन केला तर म्हणतात, सरी सरी, बरं बरं, आणि ठेवून देतात."

सात झाल्या होत्या. पाच राहिल्या होत्या. सुया अशा मध्येच सोडायच्या नसतात, हे वॉर्डात प्रत्येकाला ठाऊक असतं.

चिकपेटच्या गर्दीत मी जाऊ नये असं आईचं मत होतं आणि ते बरोबरच होतं. वाद झाला. शेवटी दोघी मास्क लावून सकाळी दुकानं उघडायच्या आत गेलो. जिना अरुंद, वर एक खोली, दोरीवर साड्या. देवाच्या फळीशेजारी अक्काचा फोटो असलेली बातमी. सुनेने लॅमिनेट करून लावलेली.

"पुट्टी! आलीस? ऊटा झाला का? बसा ताई, बसा."

"अक्का, जेवण राहू दे. मंगळवारी का नाही आलात?"

तिने फळीकडे बोट केलं. मग शीर्षक मला मराठीत करून सांगितलं, मुलाला धडा समजवावा तसं. "‘मृत्यूशी झुंज देणारी रत्नम्मा.’ डॉक्टर मला म्हणाल्या, अम्मा, बारा सुया, मग घरी. मी मोजत होते. हे वाचलं नि कळलं. तोंडावर कुणी खरं सांगतं का? पेपरला सांगितलं असणार. आता मरायचंच आहे तर हातांचा जीव कशाला घालवू? बोटं आहेत तोवर चार साड्या तरी होतील."

"डॉक्टर पेपरशी बोलल्याच नाहीत, अक्का. ते शीर्षक कुणीतरी मनाने दिलंय."

"मनाने? एवढा मोठा पेपर?"

"हो."

"सुम्मने, उगाच काहीतरी बोलू नको. बोलणारा बदलतो. छापलेलं बदलत नाही."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलं होतं, अण्णांच्या तोंडून, अभिमानाने.

मग आई बोलली. "मी रोज कापते, रत्नाताई. हिच्या पेपरातलं. मलाही तेच वाटतं, छापलंय म्हणजे होणारच."

अक्काने तिच्याकडे पाहिलं. "मग हे पण काप की."

"लॅमिनेट केलंय हो. कात्री चालायची नाही."

दोघी हसल्या. इतक्या हसल्या की सून खालून वर आली. पण निघताना अक्का तेच म्हणाली: "तुझ्या डॉक्टरांना सांग, छापून द्या. मग येते."

*

मी वार्ताहराला फोन केला. भांडायलाच केला होता.

"शीर्षक मी देत नाही," ती म्हणाली. "मी लिहिलं होतं, ‘कुच्चू बांधणाऱ्या रत्नम्मा, पाच सुया बाकी.’ डेस्कवर बदललं. म्हणाले, पाच सुया बाकी कोण वाचणार?" मग तिने विचारलं, "त्या ठीक आहेत ना?"

माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. तिच्या जागी मी असते, तर? आमच्या पत्रकांत दर दुसऱ्या ओळीत लढा आणि झुंज असायचीच. मलाही ‘पाच सुया बाकी’पेक्षा दुसरंच शीर्षक आवडलं असतं.

मग अण्णांना, निपाणीला.

"नाव छापायच्या आधी विचारलंस?" त्यांनी लगेच विचारलं.

"तुम्ही तर छापायचात."

"छापायच्या आधी त्या बाईच्या ओसरीवर बसून अख्खं पत्रक वाचून दाखवायचो. ती म्हणेल ते बदलायचो. मग अंगठा. तू फक्त छापलेलं पाहिलंस. तू शाळेत असायचीस तेव्हा."

मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी हल्ला करते. "अण्णा, मग तंबाखूच्या धुळीबद्दल एक तरी पत्रक का नाही? त्या बायका दिवसभर ती छातीत घ्यायच्या. कोणी केलं, हा तुमचाच प्रश्न."

"पोटाची मागणी आधी, असं बायकाच म्हणायच्या. मी तेच लिहिलं. छातीची मागणी राहून गेली."

"राहिली की टाळली?"

"दोन्ही," अण्णा म्हणाले. "हे तू लिही कुठेतरी."

म्हणून लिहिते आहे.

*

डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी आधी मला थांबवलं. "त्या माझ्या पेशंट आहेत. त्यांच्याबद्दल मी तुझ्याशी बोलणार नाही." आणि समोरच अक्काला फोन लावून विचारलं, तुमचं नाव आणि सुयांचा हिशेब या मुलीला कागदावर छापू देऊ का? जे मी विचारायला हवं होतं ते. अक्काने होकार दिला. दोन सुया चुकल्या आहेत, आता आणखी चुकवू नका, एवढंच त्यांनी तिला सांगितलं.

मजकूर मी लिहिला, डॉक्टरांनी दोन शब्द बदलले, मी फोनवर अक्काला वाचून दाखवला. कन्नडमध्ये, माझ्या निपाणीच्या कन्नडमध्ये, तिने तीनदा उच्चार सुधारले. मग आई आणि मी पुन्हा चिकपेटला गेलो, कारण तिच्या गल्लीच्या तोंडाशीच लग्नपत्रिकांचं दुकान आहे.

"वधूचं नाव?" दुकानदाराने विचारलं.

"वधू नाही."

"मुंज?"

"नाही."

त्याने मजकूर वाचला, चष्मा वर केला, पुन्हा वाचला. "पन्नासच्या खाली छापत नाही," एवढंच म्हणाला. कागद त्यानेच निवडला: हळदी रंगाचा, जाड, कोपऱ्यात गोंड्यासाठी भोक असलेला. त्यावर लाल कन्नड अक्षरांत जे छापलं ते मराठीत असं:

"काय झालं: रत्नाक्कांना छातीचा कॅन्सर झाला. उपचार त्या बऱ्या व्हाव्यात म्हणून चालू आहेत. सुया बारा. सात झाल्या, पाच राहिल्या.
कोणी केलं: नक्की माहीत नाही. रत्नाक्कांनी नाही.
कुठे यायचं: मंगळवारी, सकाळी नऊला, पहिला मजला, डाव्या हाताची खिडकी. फाइल आणि रक्ताचा रिपोर्ट आणावा. नाश्ता करून यावं."

खाली डॉक्टरांची सही. दुसऱ्या ओळीपाशी त्या क्षणभर थांबल्या होत्या, हसल्या, आणि सही केली. ते कार्ड आईने चिकपेटला अक्काच्या हातात नेऊन दिलं.

*

तुमच्या हातात आज रिपोर्ट असेल, तर मी तुम्हाला धीर धरा म्हणणार नाही. तो येतो आणि जातो. एवढंच सांगते: बातमी तुमच्याबद्दल नसते, जरी तिच्यात तुमचा फोटो असला तरी. तुमच्याबद्दल जे आहे ते तुमच्या डॉक्टरला विचारा, लिहून मागा, कळलं नाही तर पुन्हा मागा. आणि कुणी कात्री घेऊन बसलं असेल, तर त्याच्याशी भांडू नका. तुकडे मागून घ्या. माझ्या बारा झाल्या. आता तपासणीला जाते तेव्हा भीती वाटते आणि जाते. रत्नाक्काच्याही बारा झाल्या.

पण तो मंगळवार सांगायचा राहिला.

नऊ वाजले, साडेनऊ वाजले. माझी पाळी नव्हती, तरी मी आले होते. दहाला दहा कमी असताना ती आली. नवी साडी, हातात फाइल, फाइलीवर हळदी कार्ड. खिडकीवर तिने फाइलीच्या आधी ते कार्डच पुढे सरकवलं. आतल्या माणसाने ते वाचलं आणि कसनुसं हसत परत दिलं. "बरोबर आहे अम्मा, इथेच."

"म्हणजे छापलेलं खरं आहे," ती माझ्याकडे वळून म्हणाली.

सलाईन लागल्यावर तिने कमरेच्या पिशवीतून लाल रेशीम काढलं आणि कार्डाच्या भोकात गोंडा बांधायला घेतला. बोटांना धागा कळत नव्हता. तो निसटायचा, ती डोळे बारीक करून पुन्हा पकडायची. मी हात पुढे केला तर तिने चापट मारली. एरवी मिनिटाचं काम; त्या दिवशी अख्खी बाटली संपेपर्यंत चाललं. एक गोंडा झाला, थोडा वाकडा.

"अजून चार बसतील एवढं भोक आहे का?" तिने कार्ड डोळ्यांजवळ नेलं. "बसतील." मग म्हणाली, "पन्नास छापलीस म्हणे. बाकीची कुठायत?"

"माझ्याकडेच आहेत. तुमचं नाव आहे त्यावर, अक्का. कुणाला देणार?"

"दे इकडे. गल्लीत मीच वाटते, घरोघर, कुंकू लावून." तिने गोंडा बोटाने सारखा केला. "पेपर वाचलाय ना सगळ्यांनी? आता हे वाचू देत."